लाइव्ह लिनक्स

लाइव्ह लिनक्स म्हणजे संगणकाच्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉल न करता सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून थेट सुरू करून वापरता येणारी लिनक्स संचालन प्रणाली होय. अशी प्रणाली चालू असताना तिचे सर्व कामकाज संगणकाच्या रॅममध्ये आणि त्या पेनड्राइव्हच्या आधारे चालते. संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढून घेतला की पुढच्या वेळी तोच संगणक आपल्या मूळ प्रणालीसह, उदाहरणार्थ विंडोजसह, पूर्ववत सुरू होतो.

लिनक्सची प्रथम ओळख करून घेणाऱ्यांसाठी हा सर्वाधिक प्रचलित मार्ग आहे. अनेक घरांत एकच संगणक असतो. मुलांचा अभ्यास, मोठ्यांचे कार्यालयीन काम आणि कुटुंबाची छायाचित्रे त्याच एका डिस्कवर साठवलेली असतात. अशा संगणकावर नवी प्रणाली इन्स्टॉल करताना झालेली एक चूकही महागात पडू शकते. लाइव्ह लिनक्समुळे ही जोखीम जवळजवळ टळते. मात्र ‘काहीही बदलत नाही’ हे आश्वासन प्रणालीच्या रचनेवर आधारलेले आहे आणि त्याला काही निश्चित अपवाद आहेत. ते अपवाद माहीत असणे हे प्रणाली सुरू करता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

संकल्पना

सर्वसाधारणपणे संचालन प्रणाली संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर कायमस्वरूपी स्थापित केलेली असते. संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील बायोस किंवा त्याची आधुनिक आवृत्ती असलेले यूईएफआय हे सॉफ्टवेअर त्या डिस्ककडे वळते आणि तेथील प्रणाली रॅममध्ये आणून सुरू करते. या क्रियेला ‘बूट होणे’ असे म्हणतात. बायोसला किंवा यूईएफआयला अंतर्गत डिस्कऐवजी बाहेरून जोडलेल्या साधनाकडे वळवता येते. लाइव्ह लिनक्स याच सोयीवर उभे आहे.

लाइव्ह प्रणाली पेनड्राइव्हवर परिपूर्ण अवस्थेत असते. तिच्यात कर्नल, डेस्कटॉप, इंटरनेट ब्राउझर, शब्दसंस्करण व तक्ते यांसाठीचे कार्यालयीन सॉफ्टवेअर, चित्रे व चलचित्रे पाहण्याची साधने इत्यादी सर्व काही आधीच मांडून ठेवलेले असते. वापरकर्त्याला खाते उघडावे लागत नाही आणि बहुतेक वितरणांत पासवर्डही द्यावा लागत नाही.

अशा प्रणालीचा प्रसार होण्यामागे तांत्रिक कारणांइतकेच परवान्याचेही कारण आहे. लिनक्स कर्नल १९९२ पासून जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे. या परवान्यानुसार कोणालाही सॉफ्टवेअरची प्रत काढण्याची, त्यात बदल करण्याची आणि ती प्रत इतरांना देण्याची मुभा आहे. त्यामुळे एकाने तयार केलेली लाइव्ह सीडी दुसऱ्याने उतरवून घेणे, तिच्यात आपल्या भाषेची भर घालणे आणि ती विद्यार्थ्यांना वाटणे या सर्व गोष्टी कायदेशीर ठरतात.

इतिहास

लिनस टोरवाल्ड्स याने हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्स कर्नल जाहीर केला. त्यानंतर लवकरच कर्नल आणि इतर सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणारी ‘वितरणे’ तयार होऊ लागली. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेले यग्ड्रासिल लिनक्स हे सीडीवरून थेट चालवता येण्याची सोय असलेले पहिले वितरण मानले जाते. त्या काळचे संगणक थेट सीडीवरून सुरू होऊ शकत नसल्याने आरंभ फ्लॉपीने करावा लागे. १९९५ मध्ये आयबीएम आणि फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपन्यांनी ‘एल तोरितो’ हे मानक मांडले आणि सीडीवरून थेट बूट होण्याची पद्धत रूढ झाली.

लाइव्ह लिनक्स सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले ते नॉपिक्समुळे. जर्मन अभियंता क्लाउस नॉपर याने डेबियन या वितरणावर आधारित नॉपिक्स २००० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात दोन गोष्टी विशेष होत्या. पहिली म्हणजे संगणकातील स्क्रीन, ध्वनी, नेटवर्क इत्यादींचे हार्डवेअर ते स्वतः ओळखत असे. दुसरी म्हणजे ७०० एमबी क्षमतेच्या सीडीवर सुमारे २ जीबी सॉफ्टवेअर आकुंचित करून बसवलेले असे आणि लागेल तेवढाच भाग आयत्या वेळी उलगडला जाई. पुढे नॉपिक्समध्ये दृष्टिबाधित व्यक्तींसाठी ‘एड्रियान’ नावाची बोलणारी कार्यपद्धती समाविष्ट झाली. तिचे नाव नॉपर याच्या दृष्टिबाधित पत्नीच्या नावावरून ठेवलेले आहे.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर याने पपी लिनक्स सुरू केले. आकाराने लहान आणि संपूर्णपणे रॅममध्ये मावणारी ही प्रणाली जुन्या संगणकांसाठी लोकप्रिय झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली. आरंभी उबुंटूची लाइव्ह सीडी आणि इन्स्टॉल करण्याची सीडी वेगवेगळ्या होत्या. जून २००६ मधील ६.०६ या आवृत्तीपासून दोन्ही कामे एकाच सीडीने होऊ लागली. प्रणाली आधी वापरून पाहावी आणि पसंत पडल्यास तेथूनच इन्स्टॉल करावी, ही आज बहुतेक वितरणांत आढळणारी पद्धत तेव्हापासून सर्वत्र रुळली.

उबुंटूने ‘शिपइट’ या योजनेखाली मागणी करणाऱ्यांना जगभर विनामूल्य सीडी टपालाने पाठवल्या. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. भारतात इंटरनेटचा वेग कमी असण्याच्या काळात ७०० एमबीची फाइल उतरवणे हे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे काम होते. तेव्हा अशा टपालाने आलेल्या सीडी आणि संगणकविषयक नियतकालिकांसोबत मिळणाऱ्या सीडी हेच लिनक्स मिळवण्याचे मुख्य साधन होते. २००३ मध्ये सुरू झालेले ‘लिनक्स फॉर यू’ हे इंग्रजी मासिक या संदर्भात उल्लेखनीय आहे. ते पुढे ‘ओपन सोर्स फॉर यू’ या नावाने निघू लागले.

पेनड्राइव्ह स्वस्त झाल्यावर आणि नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह नाहीसा झाल्यावर सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. बोलण्यात मात्र ‘लाइव्ह सीडी’ हा शब्द अद्याप टिकून आहे.

कार्यपद्धती

लाइव्ह लिनक्सची फाइल ‘आयएसओ’ या स्वरूपात मिळते. ही सीडी किंवा डीव्हीडीची तंतोतंत प्रतिकृती असते. तिच्यात पुढील भाग असतात.

बूटलोडर: संगणक सुरू होताच पडद्यावर पर्यायांची यादी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. बहुतेक वितरणांत यासाठी ग्रब वापरला जातो.

कर्नल आणि आरंभिक फाइलप्रणाली: कर्नल आधी रॅममध्ये येतो. त्यानंतर एक लहानशी तात्पुरती प्रणाली मुख्य प्रणाली कोणत्या साधनावर आहे याचा शोध घेते.

आकुंचित मुख्य प्रणाली: संपूर्ण प्रणाली एकाच मोठ्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलमध्ये बंदिस्त असते. यासाठी प्रामुख्याने स्क्वॅशएफएस हे स्वरूप वापरतात. २००९ पासून ते लिनक्स कर्नलचा भाग आहे.

केवळ वाचता येणाऱ्या प्रणालीवर काम कसे होते, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. संचालन प्रणाली चालू असताना तिला सतत काही ना काही लिहावे लागते. त्यासाठी मूळ प्रणालीवर रॅममधील एक लिहिण्याजोगा थर अंथरला जातो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसा हा प्रकार आहे. पाहणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात, परंतु मूळ नकाशा कोराच राहतो. वापरकर्त्याने बदललेली सेटिंग, नवी फाइल किंवा नव्याने घेतलेले सॉफ्टवेअर हे सर्व त्या वरच्या थरात जाते. संगणक बंद होताच रॅम रिकामी होते आणि तो थरही नाहीसा होतो. आरंभी यासाठी युनियनएफएस आणि एयूएफएस या पद्धती वापरात होत्या. २०१४ मध्ये ओव्हरलेएफएस कर्नलमध्ये समाविष्ट झाल्यावर ती सर्वत्र रुळली.

या थरासाठी साधारणतः उपलब्ध रॅमच्या निम्मी जागा राखली जाते. म्हणून ४ जीबी रॅमच्या संगणकावर लाइव्ह सत्रात मोठ्या फाइली उतरवल्यास जागा लवकर संपते आणि प्रणाली अडखळू लागते.

वापरण्याची पद्धत

पूर्वतयारी

किमान ८ जीबी क्षमतेचा पेनड्राइव्ह आवश्यक असतो. १६ जीबीचा असल्यास बहुतेक सर्व वितरणांना पुरतो. पेनड्राइव्ह तयार करताना त्यावरील पूर्वीची सर्व माहिती पुसली जाते, म्हणून ती आधी अन्यत्र उतरवून ठेवावी लागते. नवशिक्यांकडून होणारे पहिले नुकसान बहुधा येथेच घडते. संगणकाची हार्ड डिस्क सुरक्षित राहते, परंतु पेनड्राइव्हवरील छायाचित्रे जातात.

वितरणाची निवड संगणकाच्या क्षमतेनुसार करावी लागते. लिनक्स मिंटसाठी किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीची शिफारस केली जाते. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती सुमारे ६ जीबी आकाराची आहे, तर पपी लिनक्सची फाइल काहीशे एमबीची असते. मोबाइलच्या मर्यादित डेटावर अवलंबून असणाऱ्यांसाठी हा फरक निर्णायक ठरतो. फार जुन्या, ३२ बिट प्रोसेसरच्या संगणकांवर आजची मोठी वितरणे चालत नाहीत. त्यांच्यासाठी अँटीएक्स किंवा पपी यांसारखी वितरणे उपयोगी पडतात.

फाइल उतरवणे आणि पडताळणे

आयएसओ फाइल वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, असा संकेत आहे. तिच्यासोबत ‘एसएचए-२५६’ या पद्धतीने काढलेली अक्षरे व अंकांची एक दीर्घ ओळ दिलेली असते. उतरवलेल्या फाइलवरून काढलेली ओळ तिच्याशी जुळली, तर फाइल मार्गात खराब झालेली नाही असे समजते. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने ही ओळ काढता येते.

ही दक्षता केवळ औपचारिक नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून १७.३ या आवृत्तीच्या दुव्याऐवजी चोरवाट ठेवलेल्या फाइलचा दुवा घातला होता. प्रकल्पाने ते त्वरित जाहीर केले, आणि ज्यांनी ओळ पडताळून पाहिली त्यांना फरक ओळखता आला. हल्लेखोर संकेतस्थळावरील ओळही बदलू शकतो. त्यामुळे अधिक खात्रीसाठी प्रकल्पाची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते.

पेनड्राइव्ह तयार करणे

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नेहमीप्रमाणे कॉपी केल्याने काम होत नाही. ती विशिष्ट रीतीने लिहावी लागते. विंडोजवर यासाठी रूफस, तर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर बलेना एचर हे प्रोग्रॅम वापरले जातात. व्हेंटॉय या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यावर अनेक आयएसओ फाइली साध्या कॉपी करून ठेवता येतात आणि सुरू करताना हवी ती निवडता येते. वेगवेगळी वितरणे तुलनेसाठी पाहायची असल्यास ही पद्धत सोयीची आहे. कोणताही प्रोग्रॅम वापरला तरी लिहिण्याची आज्ञा देण्यापूर्वी निवडलेले साधन पेनड्राइव्हच आहे ना, हे त्याच्या क्षमतेवरून पडताळावे लागते. बाहेरून जोडलेली दुसरी हार्ड डिस्क चुकून निवडली गेल्यास तीही पुसली जाते.

बूट करणे

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना ठरावीक कळ दाबल्यास बूट साधनांची यादी येते. डेल, लेनोव्हो आणि एसर यांच्या बऱ्याच संगणकांत ती एफ१२ असते, तर एचपीच्या संगणकांत एस्केप किंवा एफ९ असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की काही क्षणांत लिनक्सचा पर्यायफलक दिसतो. पडदा काळाच राहिल्यास त्याच फलकावरील ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ हा पर्याय निवडला जातो.

अलीकडच्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षाव्यवस्था असते. उबुंटू, फेडोरा, डेबियन आणि मिंट ही वितरणे ती चालू असतानाही सुरू होतात, काही लहान वितरणे मात्र होत नाहीत. सिक्युअर बूट बंद करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर अशा बदलानंतर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागू शकते. तो जवळ नसल्यास डिस्कवरील माहिती सुरक्षित असूनही हाती येत नाही. म्हणून तो आधी टिपून ठेवणे आवश्यक असते.

ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅकवर सर्वसाधारण आयएसओ फाइली सुरू होत नाहीत, कारण त्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांसाठी तयार केलेल्या असतात.

काय तपासावे

लाइव्ह सत्राचा खरा उपयोग आपल्याच संगणकावर लिनक्स नीट चालेल का, याची परीक्षा घेणे हा आहे. वाय-फाय जोडले जाते का, ध्वनी ऐकू येतो का, कॅमेरा आणि मायक्रोफोन चालतात का, प्रिंटर ओळखला जातो का, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो का आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप पुन्हा जागा होतो का, हे पाहिले जाते. काही ब्रॉडकॉम वाय-फाय चिपांना स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची पूर्ण क्षमता लाइव्ह सत्रात बहुधा दिसत नाही.

मूळ संगणक किती सुरक्षित राहतो

लाइव्ह लिनक्स आपणहून हार्ड डिस्कवरील फाइली बदलत नाही. वापरकर्त्याने विशिष्ट कृती केल्यास मात्र बदल होऊ शकतात. काही किरकोळ बदल कृतीवाचूनही घडतात. ते पुढीलप्रमाणे आहेत.

इन्स्टॉल करण्याचे चिन्ह: बहुतेक वितरणांच्या लाइव्ह डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ असे चिन्ह असते. ते उघडल्याने लगेच काही पुसले जात नाही, परंतु पुढील टप्प्यांत ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय मान्य केल्यास विंडोज आणि सर्व फाइली जातात. केवळ परिचयासाठी आलेल्याने या चिन्हाकडे जाण्याचे कारण नसते.

फाइल व्यवस्थापक: लाइव्ह सत्रातून विंडोजचे विभाग दिसतात आणि उघडले की त्यांतील फाइली वाचता, बदलता व पुसताही येतात. विंडोजचा पासवर्ड येथे आडवा येत नाही. येथे पुसलेली फाइल खरोखरच पुसली जाते, ती तात्पुरत्या थरात राहत नाही.

अर्धवट बंद झालेले विंडोज: विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. तिच्यामुळे विंडोज पूर्णतः बंद न होता अंशतः निद्रावस्थेत जाते. अशा विभागात बाहेरून लिहिल्यास फाइलप्रणाली बिघडू शकते. म्हणून लिनक्स असा विभाग बहुधा केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यास नकार देते. हा पेनड्राइव्हचा दोष नसतो.

स्वॅप विभाग: डिस्कवर आधीच लिनक्सचा स्वॅप विभाग असल्यास काही वितरणे तो आपोआप वापरतात. केवळ विंडोज असलेल्या संगणकावर हा प्रश्न येत नाही.

घड्याळ: संगणकाच्या अंतर्गत घड्याळातील वेळ विंडोज स्थानिक वेळ मानते, तर लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ मानते. लाइव्ह सत्रात इंटरनेट जोडल्यावर लिनक्स घड्याळ जुळवून घेते आणि तीच वेळ अंतर्गत घड्याळातही जाऊ शकते. परिणामी भारतात पुढच्या वेळी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. संगणक बिघडला असा समज यामुळे होतो, परंतु विंडोजमध्ये इंटरनेटवरून वेळ पुन्हा जुळवली की हा फरक जातो.

सारांशाने, हार्ड डिस्कचे विभाग न उघडणे, इन्स्टॉल चिन्हाला हात न लावणे आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आधीच अन्यत्र ठेवणे, एवढे पथ्य पाळल्यास लाइव्ह लिनक्स निर्धास्तपणे हाताळता येते.

काम साठवून ठेवणे

लाइव्ह सत्रातील काम संगणक बंद होताच नाहीसे होते. नवशिक्यांच्या दृष्टीने ही सर्वांत अनपेक्षित बाब ठरते. दोन तास बसून लिहिलेला निबंध ‘डॉक्युमेंट्स’ या कप्प्यात साठवला असला तरी तो कप्पा रॅममध्येच असतो. तो निबंध दुसऱ्या पेनड्राइव्हवर, ई-मेलने किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावा लागतो.

यावर ‘पर्सिस्टन्स’ म्हणजे स्थायी साठवण हा उपाय आहे. पेनड्राइव्हचा काही भाग लिहिण्यासाठी राखून ठेवल्यास वर वर्णन केलेला थर रॅमऐवजी त्या भागात तयार होतो आणि पुढील वेळी बदल तसेच मिळतात. रूफसमध्ये उबुंटू व डेबियनसाठी तशी सोय आहे. पेनड्राइव्हची स्मृती मर्यादित वेळाच लिहिता येते आणि तिचा वेगही कमी असतो. त्यामुळे ही व्यवस्था दीर्घकालीन दैनंदिन वापरासाठी योग्य मानली जात नाही.

मर्यादा

लाइव्ह प्रणाली इन्स्टॉल केलेल्या प्रणालीपेक्षा मंद भासते, कारण प्रत्येक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून वाचून उलगडावा लागतो. यूएसबी २.० च्या जोडणीवर हा मंदपणा अधिक जाणवतो. त्यावरून लिनक्सच मंद आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नसते. रॅम पुरेशी असल्यास काही वितरणांत ‘टू-रॅम’ हा बूट पर्याय देऊन संपूर्ण प्रणाली आरंभीच रॅममध्ये आणता येते. त्यानंतर ती बरीच वेगाने चालते.

आयएसओ फाइल ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवसापर्यंतच्याच सुरक्षा सुधारणा तिच्यात असतात. जुन्या पेनड्राइव्हवरून बँकेचे व्यवहार करणे म्हणूनच इष्ट नसते. कर्नल बदलण्याची अथवा मोठे सॉफ्टवेअर घालण्याची सोयही लाइव्ह सत्रात मर्यादित असते.

मराठीतून वापर

अनेक वितरणांत आरंभीच्या फलकावर किंवा सत्र सुरू झाल्यावर भाषा निवडता येते. सर्व भाषांची पूर्ण भाषांतरे आयएसओ फाइलमध्ये नसल्याने मराठी निवडल्यावर काही शब्द मराठीत आणि काही इंग्रजीत दिसू शकतात. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे.

देवनागरी अक्षरे वाचण्यासाठी लागणारे टंक प्रमुख वितरणांत असतात. त्यांपैकी लोहित देवनागरी हा टंक रेड हॅट या कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेला आहे. टंकलेखनासाठी कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीतून मराठी निवडता येते. इनस्क्रिप्ट हा शासनमान्य कळफलक तेथे उपलब्ध असतो. उच्चारानुसार लिहिण्याची सवय असणाऱ्यांसाठी ध्वन्यात्मक कळफलकही असतो. मराठीत लिहिता येते की नाही, ही परीक्षा लाइव्ह सत्रातच घेता येते.

भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ मध्ये बॉस लिनक्स हे डेबियनवर आधारित वितरण सादर केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. लिनक्स शिकण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लहान ध्वनिचित्र पाठ आहेत आणि त्यांतील पुष्कळ पाठ मराठीतही ऐकता येतात.

अन्य उपयोग

माहितीची सुटका: विंडोज सुरूच होत नसेल, परंतु हार्ड डिस्क शाबूत असेल, तर लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करून आतल्या फाइली दुसऱ्या साधनावर उतरवता येतात. संगणक दुरुस्त करणारे तंत्रज्ञ यासाठी सिस्टमरेस्क्यू यांसारखी खास वितरणे जवळ बाळगतात. डिस्कची प्रतिकृती घेण्यासाठी तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला आणि विभाग लहान-मोठे करण्यासाठी जीपार्टेड लाइव्ह वापरले जाते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क मात्र पुनर्प्राप्ती क्रमांकाविना वाचता येत नाही.

गोपनीयता: २००९ पासून उपलब्ध असलेले टेल्स हे वितरण मुद्दाम काहीही लक्षात न ठेवण्यासाठी रचलेले आहे. त्याचा सर्व इंटरनेट व्यवहार टॉर या जाळ्यातून जातो. पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्ते त्याचा वापर करतात.

शिक्षण: संगणक प्रयोगशाळेतील यंत्रांवर कायमचा बदल न करता विद्यार्थ्यांना लिनक्स शिकवता येते. तास संपल्यावर संगणक पुन्हा सुरू केला की पुढील तुकडीला स्वच्छ प्रणाली मिळते.

जुन्या संगणकांचे पुनरुज्जीवन: विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक त्यास अपात्र ठरतात. असा संगणक भंगारात देण्यापूर्वी तो लिनक्सवर किती समाधानकारक चालतो, हे लाइव्ह पेनड्राइव्हने एका तासात पाहता येते.

इन्स्टॉल न करता लिनक्स वापरण्याचे इतर मार्ग

आभासी संगणक: व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅमने विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालवता येते. हार्ड डिस्कचे विभाग व बूट व्यवस्था यांना स्पर्श होत नाही आणि काम टिकून राहते. त्यासाठी रॅम अधिक लागते, आणि आपल्या वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाशी लिनक्सचे कसे जुळते हे मात्र कळत नाही.

विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स: मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेल्या या सुविधेने विंडोजमध्ये लिनक्सच्या आज्ञा चालवता येतात. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी ती उपयुक्त आहे. लिनक्स डेस्कटॉपचा संपूर्ण अनुभव तिच्यातून मिळत नाही.

ब्राउझरमधून: फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रीस बेलार याने २०११ मध्ये ब्राउझरमध्येच लिनक्स सुरू करून दाखवणारा जेएसलिनक्स हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. आता काही संकेतस्थळांवर विविध वितरणांचे डेस्कटॉपही ब्राउझरमधून पाहता येतात. वरवरच्या परिचयासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

या सर्व मार्गांत आपल्या हाती असलेल्या यंत्रावर, त्याच्या प्रत्यक्ष हार्डवेअरसह लिनक्स कसे चालते, हे केवळ लाइव्ह पद्धतीनेच समजते. पसंत न पडल्यास पेनड्राइव्ह काढून घेणे एवढेच करावे लागते. पसंत पडल्यास फाइलींची प्रत काढून ठेवल्यावर त्याच पेनड्राइव्हवरून प्रणाली इन्स्टॉल करता येते.

हेही पाहा

लिनक्स
डेबियन
उबुंटू
लिनक्स मिंट
मुक्त सॉफ्टवेअर
इनस्क्रिप्ट